जखम कोणाच्या नावावर

पोरांनो, तुमच्यातली मोठी आता शहरात नर्सिंग शिकते आहे. परवा फोनवर तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वॉर्डात काळजीचा दर्जा मोजायचे का?" मोजायचो. पण माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात सांगितलं गेलं की माझ्या वॉर्डात पडून राहून कोणाच्या पाठीला कधी जखम झाली नाही. ते खोटं आहे. ते मी माझ्या नावावर राहू देणार नाही, म्हणून हे लिहिते.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. मांडीचं हाड मोडलेली एक बंजारा म्हातारी तांड्यावरून आली. भरतीच्या दिवशी मी स्वतः घागरा सैल करून तिची पाठ माकडहाडापर्यंत पाहिली आणि 'त्वचा चांगली' असं लिहिलं. आरसे जडवलेला घागरा काढायला मात्र ती तयार होईना. आम्हीही आग्रह धरला नाही.

दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या तक्त्यावर चोख होत्या. आठव्या दिवशी मी घागऱ्याचा पट्टा सोडला आणि घागरा उतरवला. माकडहाडावर चार सेंटिमीटरची जखम होती, कडेला आरशांचे गोल ठसे. तक्ता पुन्हा पाहिला. अख्ख्या पाळीच्या सह्या एकाच दमात ठोकलेल्या होत्या, आणि खाली 'तपासले' म्हणून माझी सही होती.

त्याच आठवड्यात रुग्णालयाचा दर्जा ठरवणारं तपासणी पथक येणार होतं. रुग्णालयाचे प्रमुख साहेब म्हणाले, "जखम घरूनच आणली, असं लिहा. तांड्यावरची बाई, कोण विचारणार?"

"मी विचारणार."

"मॅडम, आपल्याकडे झालेल्या जखमा शून्य असल्या तर मानांकन मिळतं."

"मग पथकाला तिची पाठ दाखवा आणि शून्य कुठंय ते विचारा."

म्हातारीची सून खाटेशी उभी होती. "बाई, काहून भांडून राहिल्या? बदली करतील ना तुमची!"

"करू देत."

म्हातारी कण्हत म्हणाली, "आधी माझा घागरा द्या, मंग भांडा."

मी लिहिलं, 'आमच्याकडे झाली', आणि सही केली. मानांकन हुकलं. "सिस्टर, वॉर्डाचं नाव घालवलं तुमी," असं वॉर्डातल्या नर्स पोरी तोंडावर बोलल्या. मी रोज सकाळी कागदी टेपनं जखम मोजत राहिले. चार, साडेतीन, दोन. ती भरली, म्हातारी घरी गेली आणि माझी बदली झाली.

निघताना नोंदवहीत मी पट्टीनं एक रकाना आखला: 'आमच्याकडे झालेल्या जखमा'. मागच्या महिन्यात त्या वॉर्डात जाऊन पाहिलं. तो रकाना अजून आहे, आणि त्यात नोंदी होतात.