तोफेच्या कानावरचा अंगठा

नव्वदीच्या मध्यावर आमची रेजिमेंट पहाडातून खाली उतरली आणि देवळालीला आली. मी तेव्हा हवालदार होतो. तोफखान्यातल्या माणसाला देवळाली म्हणजे माहेर. त्यातून मी पिंपळगाव बसवंतचा, त्यामुळे रविवारची रजा मिळाली की जेवायला घरी. आता दोन वर्षं सुखात जातील, असं बायको म्हणाली. तेवढ्यात रेजिमेंटच्या प्रमुखांना, आमच्या सीओ साहेबांना, जुनी तोफ उडवायची हुक्की आली.

आमच्या क्वार्टर गार्डसमोर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीसमोर, एक ठासणीची तोफ उभी होती. ठासणीची म्हणजे सगळं तोंडातून आत सारायचं आणि गजाने ठासायचं. मागे उघडणारं दार नाही. मागच्या अंगाला वरून एक बारीक भोक असतं, त्यातून बत्ती द्यायची. त्या भोकाला तोफेचा कान म्हणतात. रेजिमेंटच्या स्थापना दिवशी या तोफेतून सलामीचे तीन बार काढायचे, नुसत्या दारूचे, असं साहेबांनी ठरवलं. तेही जुन्या रीतीने आणि जुन्या हत्यारांनी. काम माझ्या गळ्यात पडलं.

लोकांना वाटतं, तोफ साफ करणं म्हणजे पाहुणे यायच्या आधी टीपॉय पुसणं. एका लग्नात एका शहाण्याने मला तसं विचारलंही होतं. त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो. काळी दारू जळते आणि निम्मी घाण मागे ठेवते. ती घाण हवेतली ओल ओढते आणि धातू खायला लागते. त्याहून वाईट म्हणजे दारूची फलालीनची पिशवी पुरती जळत नाही. तिची एखादी चिंधी आत धुमसत राहते. तिच्यावर दुसरी पिशवी ठासली, तर गज धरून तोंडाशी उभा असलेला माणूस गेला. म्हणून या तोफेची सफाई सगळं आटोपल्यावर करून भागत नाही. दर दोन बारांच्या मधे करावी लागते, आणि ती चुकली की पुढचं काही चुकायला माणूसच उरत नाही.

हत्यारं आम्ही करवून घेतली. देवळालीच्या खाटकाकडून मेंढीचं कातडं आणलं, लोकर बाहेर ठेवून ते लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलं. हा झाला स्पंज. तो पाण्यात बुडवून नळीत फिरवायचा, म्हणजे विस्तव विझतो. भगूरच्या लोहाराने दोन फाट्यांचा पिळाचा आकडा केला, विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखा. त्याने आतल्या चिंध्या ओढून काढायच्या. कान साफ करायची सळई नाशिकच्या तांबट आळीतून आणली. ती तांब्याची, कारण लोखंडाची ठिणगी पडते. मोच्याने चामड्याची एक जाड टोपी शिवून दिली, आत घोड्याचे केस भरलेली. ही अंगठ्यात घालायची.

या टोपीचं काम सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत वाईट. स्पंज फिरत असताना आणि पिशवी ठासली जात असताना एका माणसाने तोफेच्या कानावर अंगठा घट्ट दाबून ठेवायचा. कान बंद असला की आत वारा खेळत नाही. वारा नाही तर धुमसणारी चिंधी पेटत नाही. अंगठा उचलला की भाता मारल्यासारखंच.

तोंडाशी गज घेऊन मी स्वतः उभा राहणार होतो. कानावर मी नाईक एकनाथला घेतलं. मखमलाबादच्या पलीकडे त्याच्या घरच्यांची फुलशेती होती. झेंडू, शेवंती, गुलाब. एकनाथ कमी बोलायचा आणि हट्टी इतका की मेसमध्ये कुणी त्याच्याशी पैज लावायचं नाही.

"अंगठा उचललास तर मी मेलो," मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मंग नाय उचलत," तो म्हणाला. विषय संपला.

रोज सराव चालला. सराव संपला की चुलीवर कढत पाणी करायचं आणि ते निवळ बाहेर येईपर्यंत नळी धुवायची. मग अंबाडीच्या बोळ्याने कोरडी करायची आणि वरून चरबी-मेणाचा पातळ हात फिरवायचा. बायको एकदा कॅम्पात आली होती, तिने हे सगळं पाहिलं. "घरातली समई घासा म्हटलं की तुम्हाला ड्यूटी आठवते, आणि इथे तोफेला अभ्यंगस्नान," ती म्हणाली. एकनाथ मान खाली घालून हसला.

घोटाळा झाला तो आमच्या चांगल्या सवयीमुळे. आमच्या नेहमीच्या तोफांना रोज तेल लागतं. कोरडी नळी दिसली की गनरचा हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो. स्थापना दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दोन जवानांनी ठासणीच्या तोफेत मनापासून तेल चोपडलं. इन्स्पेक्शन होतं, नळी चमकली, शाबासकी मिळाली. खनिज तेल आणि काळी दारू एकत्र जळली की डांबर होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच गावी नव्हतं.

सकाळी परेड झाली. मंडपात सगळ्यांच्या घरची माणसं बसली होती. पहिला बार झकास झाला. टाळ्या पडल्या. मी आकडा फिरवला, ओला स्पंज फिरवला. स्पंज चिकट काळा होऊन बाहेर आला. असा तो कधी येत नसे, पण परेड चालू होती. दुसरी पिशवी आत सारली आणि गजाने ढकलली. ती अर्ध्या नळीत अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

"उस्ताद," एकनाथ हळूच म्हणाला, "कान तापलाय."

"किती?"

"लय. आत इस्तू हाय. तुम्ही बाजूला व्हा."

"अंगठा?"

"हाय तिथंच हाय. आधी तुम्ही व्हा बाजूला."

मी गज सोडला आणि नळीच्या रेषेतून बाहेर पडलो. "डिटॅचमेंट, जैसे थे!" मी ओरडलो. बाकीचे जागच्या जागी थांबले. आता पाणी आत जायला हवं होतं, आणि तोफेचं तोंड तर सरळ समोर. मागच्या बुडाखालची लाकडी पाचर काढली तर बूड खाली बसतं आणि तोंड वर होतं. पण बुडाशी एकनाथ उभा होता. पाचर काढताना त्यालाही तोफेबरोबर खाली वाकावं लागणार होतं, अंगठा तसाच दाबून.

"पाचर काढतोय," मी म्हणालो.

"काढा."

पाचर निघाली. बूड धप्पकन बसलं. एकनाथ त्याच्याबरोबर गुडघ्यावर आला. चामडं जळल्याचा वास येत होता, आणि मग निव्वळ चामड्याचा राहिला नाही. मी बाजूने हात घालून गज उपसला आणि बादली तोंडात उपडी केली. मग दुसरी. आतून फुस्स आवाज आला. तिसरी बादली ओतल्यावर मी म्हणालो, "सोड."

त्याने सोडला नाही. "अजून एक वता," म्हणाला. चौथी ओतली तेव्हा त्याने अंगठा उचलला. टोपी कानालाच चिकटून राहिली.

मी घाबरलो होतो का? होतो. पण ते मंडपातल्या लोकांना दिसू नये म्हणून मी सावधानमध्ये उभा राहिलो. नंतर आकड्याने ती पिशवी ओढून काढली. तिच्या मागच्या अंगाचं फलालीन तपकिरी झालं होतं, कडेला काळं.

सीओ साहेबांनी कार्यक्रम थांबवला. एकनाथला एमआय रूममध्ये, म्हणजे रेजिमेंटच्या दवाखान्यात, नेलं. पट्टी बांधून तो दुपारी परत आला आणि चुलीपाशी येऊन बसला.

"दोन बार राह्यलेत, उस्ताद."

"साहेब नाही म्हणतील."

"इचारा तर."

मी विचारलं. साहेबांनी आधी नळी पाहिली. आम्ही दुपारभर कढत पाणी ओतत होतो, तेलाचा तवंग जाईपर्यंत, आणि मग पाणी अगदी निवळ येईपर्यंत. ज्या दोघांनी तेल चोपडलं होतं ते न सांगता सरपण फोडत होते. त्यांना कुणी बोललं नाही. संध्याकाळी, झेंडा उतरायच्या आधी, राहिलेले दोन बार आम्ही काढले. एकनाथने कानावर डावा अंगठा ठेवला होता.

नव्याण्णव साली आमची रेजिमेंट कारगिलला होती. मी नायब सुभेदार झालो होतो, कमांड पोस्टवर. एकनाथ हवालदार होता, तीन नंबरच्या तोफेचा प्रमुख. एका दुपारी पलीकडचे गोळे आमच्या जागेवर पडले. तीन नंबरची तोफ झाकायच्या जाळीला आग लागली. जाळीखाली दारूच्या पिशव्यांच्या पेट्या होत्या आणि त्याची सहा माणसं त्याच बाजूच्या खंदकात होती. बाहेर यायची वाट पेट्यांवरूनच होती.

"थ्री गन, जागा सोडा. ओव्हर," मी रेडिओवर म्हणालो.

"थ्री गन. पोरं आत हायेत. ओव्हर."

"थ्री गन, जागा सोडा. ओव्हर."

"पोरं निघाली की निघतो. आउट."

जळती जाळी ओढून तो पेट्या एकेक करून दूर फेकत होता. मला दिसत होतं. सहाच्या सहा बाहेर पडले. सातवा तो असायचा होता. तेवढ्यात एक गोळा अगदी त्याच्या जवळ पडला.

हिवाळ्यात आम्ही खाली आलो. मी एकटाच मखमलाबादला गेलो. त्याचे बाबा वाफ्यात होते. त्यांनी हात धुतले, खाट टाकली. मी जे झालं ते सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "त्या सहातले का तुम्ही?"

"नाही बाबा. मी त्यांच्या आधीचा."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मग देवळालीची सगळी हकीकत सांगितली. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मी निघताना बाबा म्हणाले, "त्यांना बी येऊ द्या की एकदा. बगू तरी."

पुढच्या दिवाळीत मी त्या सहाही जणांना घेऊन गेलो. एक केरळचा होता, एक पंजाबचा, बाकीचे आपल्याकडचे. बाबांनी प्रत्येकाला जवळ बोलावलं, नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. चेहरे नीट पाहिले. चुलीशी एकनाथची आई चहा ठेवत होती. बाबांनी दाराशी जाऊन तिला सांगितलं, "सात हायेत."