हनुवटीखालचा हात

अडखळत वाचणाऱ्याच्या तोंडातला शब्द हिसकावून घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

काल औषधांच्या दुकानात माझ्यापुढे आमच्या गल्लीत पोळ्या करणाऱ्या सुशीलामावशी होत्या, सोबत नात. तान्ह्या नातवासाठी लोशन हवं होतं. दुकानदाराने दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या पुढे ठेवल्या. मावशींनी एक उचलली आणि हनुवटीखाली हात धरला.

"मावशी, दाढ दुखते का?" दुकानदार हसला.

"वाचतेय रे बाबा!"

इंग्रजी वाचायची ही युक्ती त्यांना चौथीतल्या नातीने, मयूरीने शाळेतून आणून दिलीय. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा हाताला टेकते, तितके त्याचे तुकडे. तुकडा व्यंजनावर संपला की दार बंद आणि स्वर आखूड. स्वरावर संपला की दार उघडं आणि स्वर लांब.

"शॅम... दार बंद," मावशी पुटपुटल्या.

"शॅम्पू आहे तो, आजी!" माझ्यामागचे गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले.

"तुम्हाला विचारलं का मी?" मावशींनी दुसरी बाटली घेतली. "लो... दार उघडं. शेवटचं टी-आय-ओ-एन म्हणजे शन, ते तर पाठच आहे. लोशन! हीच दे."

शेजारी उभ्या मयूरीने टाळी वाजवली. या भाषेची दारं कशी उघडतात, हे काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापाशीच ठेवलं. ही पोर ते आजीला फुकट वाटत होती.

तेव्हा तुमच्यापुढे कुणी असा हनुवटीखाली हात धरून उभं राहिलं, तर कृपा करून शब्द पुरवू नका. थांबा. तो शब्द त्यांचा आहे.