बुटक्याला घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवळात हात जोडून उभी राहिले, तेव्हासुद्धा मुलांच्या परीक्षेचं काहीतरी बोलून परत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. आणि आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाही. सांगता सांगता रडणाऱ्या बायकांचा मला राग येतो.

गोष्ट एका जुन्या ट्रॅक्टरची आहे. हसायचं असेल तर हसून घ्या.

आमचं गाव वाशीजवळच्या पावणे गावाच्या अंगाला. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे आम्ही, जमिनी गेलेले शेतकरी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची भातशेती कधीच गेली होती. उरलं होतं ते फक्त दारापुढचं खळं. नवरा कारखान्यात पाळीवर. धाकटा दीर हरेश वाशीच्या मार्केटात दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. तिथेच त्याने रंजनाला पाहिलं. तिचे वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. घाटावरची सून येणार म्हणून सासूने जेवण टाकलं, मग भूक लागली तेव्हा जेवली, आणि लग्न झालं. मला रंजना पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. म्हणजे — येईल, पण ते पुढे.

नव्वदनंतरची सालं ती. खारघरला तेव्हा आजच्यासारख्या उंच इमारती नव्हत्या, नुसते प्लॉट पाडणं चाललं होतं. इकडची माती उचला, तिकडे टाका. ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली त्याला काम. हरेशने हे हेरलं. द्राक्षं घेऊन मार्केटात येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला सांगितलं, नाशिककडे एका बागेत छोटा ट्रॅक्टर पडलाय, वेलींच्या ओळींमधून चालणारा, मालकाने तो चालवणं सोडलंय. पुढच्या खेपेला तो ट्रकवरून आमच्या खळ्यात उतरला. कमरेएवढं बॉनेट, गंजलेला पत्रा, टायर फाटलेले, सीटच्या जागी पोतं. गावाने त्याचं नाव बुटका ठेवलं.

हरेश म्हणाला, हा उभा राहिला की दुसऱ्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाही. त्याला एवढंच हवं होतं, आपलं म्हणून काहीतरी. यात वाईट काय होतं? काहीच नाही.

पण आमच्या घराची काय दशा झाली ते कुणी बघितलं? इंजिन आतून गंजून धरलेलं, फिरेना, म्हणून त्यात डिझेल ओतून ठेवलं. त्याचा वास भातालाही यायला लागला. माझी पितळी परात नटबोल्ट भिजवायला गेली ती परत चुलीकडे आली नाही. जुनी लुगडी चिंध्या झाली. हा ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी तो बनवणं बंद केलेलं, सुटे भाग मिळेनात. मग पावण्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर बुश करून आणायचे, क्लचप्लेटला नवं अस्तर लावून आणायचं, पंप आणि नॉझल दुरुस्तीला टाकायचे. टेम्पोवरून आला की हरेश अंगणात, आणि त्याच्याबरोबर ती.

ती! नवी नवरी, आणि हाताला कोपरापर्यंत काळं. कुठला पाना कुठल्या नटाला लागतो हे तिला त्याने मागायच्या आधी कळायचं. व्हॉल्व्ह घासायचे होते तेव्हा तर दोघं शाळेतल्या पोरांसारखी बसली होती. व्हॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावायची, काठीच्या टोकाची रबरी चकती त्याला चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. ती ताक घुसळायच्या रवीसारखी फिरवत होती. तो म्हणाला, "लोनी येल काय गो?" आणि दोघं हसत सुटली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझा नवरा आत झोपला होता. माणूस वाईट नव्हता तो. पाळीवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून कशावर हसलो होतो — मला आठवेना.

हे मी का सांगतेय? कारण नुसत्या पाण्याचं सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतं. ते मला नको आहे.

आता पाण्याचं. आमच्या गावात तेव्हा दोन पाणी. देवळाशेजारची बाव, म्हणजे विहीर, ती खारी. खाडीला भरती आली की तिचंही पाणी चढायचं. त्यावर धुणी-भांडी. आणि पिण्याचं गोडं पाणी कारखान्यांच्या रस्त्यावरच्या नळाला, सकाळी थोडा वेळ. हंडे लावून उभं राहायचं, भांडायचं, डोक्यावर घेऊन यायचं. हे काम बायकांचं. माझ्या मानेत आजही कळ येते, ती त्या नळाची.

दिवाळीच्या सुमाराला बुटका सुरू झाला. काळा धूर, नारळ, गुलाल, सगळं झालं. सासरे चाकाला हात लावून रडले. हरेशने रंजनाला मडगार्डवर बसवलं आणि गावाला फेरी मारायला निघाला. मी नळावरून येत होते, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. समोरून ते आले. त्याने मला बघून हात केला आणि ओरडला, "वैनी, पानी आन गो, तापलाय तो!"

आणि मी दिलं. माझ्या डोक्यावरचं पाणी त्या लोखंडाच्या घशात ओतलं. आजूबाजूचे सगळे कौतुकाने हसत होते. रंजना वर बसलेली. तिने खाली वाकून माझ्या हातातून कळशी घेतली, म्हणाली, "ताई, मी वतते, द्या." चांगल्या मनाने म्हणाली. मी तिला शिवी दिली, तोंडातल्या तोंडात. परत नळावर गेले तर पाणी गेलेलं.

त्या दिवसापासून ते पाणी घालणं माझ्या गळ्यात पडलं. बुटक्याचा रेडिएटर जुना, पाझरायचा, रोज सकाळी भरावा लागायचा. नवा मिळत नव्हता. हरेश ऑइलची काडी बघायचा, ग्रीस भरायचा, फिल्टर झटकायचा. आजारी माणसाचं करावं तसं सगळं स्वतः करायचा. पाणी तेवढं माझ्याकडे. कारण मी नळावर जातेच, नाही का? मी नसले तर रंजना. त्याने आम्हा दोघींना समोर बसवून बजावलं होतं, "गोडाच पानी घाला हां. खारा आतून खातो त्याला." पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. नीट ऐकलं होतं मी.

एका सकाळी नळ आलाच नाही. मी बावेवरून कॅन भरला आणि नरसाळं लावून ओतला. बुटका सुरू झाला, कामावर गेला, संध्याकाळी परत आला. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी होतं.

तरी मी बावेवर गेले. कळतंय ना तुम्हाला? नळाला पाणी होतं आणि मी बावेवर गेले. त्यानंतर रोज. कॅन ओतताना मला बरं वाटायचं. घरातल्या कुणाला माझी गरज पडली तर ती पाण्यापुरती, मग घ्या, प्या — असं मनात म्हणायचे. एका एका कॅनने काय होणार, अशी स्वतःची समजूत मी कधी घातली नाही. होणार होतं ते मला हवं होतं. फक्त कधी होईल ते माहीत नव्हतं.

शिमग्याच्या आधी झालं. खारघरला मातीची ट्रॉली भरून चढ चढताना बुटका तापला, वाफ सोडली आणि जागच्या जागी बंद पडला. ठेकेदाराने त्याच दुपारी दुसरा ट्रॅक्टर आणला. आमचा ओढून आणला खळ्यात. पावण्याचा फिटर आला, त्याने इंजिनचं हेड उघडलं. हेडला तडा गेलेला. पाणी खेळायच्या वाटा पांढऱ्या-तांबड्या थराने बुजलेल्या. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने तो थर खरवडला, हरेशच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, "खारा पानी हाय ह्यो. कोनी घातला?"

सगळं घर अंगणात होतं. सासू-सासरे, माझा नवरा, हरेश. हरेश तळव्याकडे बघत होता. रंजनाच पहिली बोलली, "म्या न्हाई घातलं. आईशप्पत न्हाई." मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी तिच्या बाजूची. "ताई, तुमी तरी सांगा की."

मी सांगितलं.

म्हणाले, "मी नलाचाच घालतंय. हिला इचारा. घाटावरची ती, तिला आमच्या पान्यातला खारा-गोडा काय कलतं?"

बस्स, एवढंच. मोठ्याने नाही, भांडल्यासारखं नाही. आणि सगळ्यांना ते पटलं! अहो, जरा डोकं लावलं असतं तर? आम्ही खाडीच्या काठची माणसं, जन्मापासून खारट तोंडाची. आम्हाला एखाद्या वेळी कळणार नाही. घाटावरच्या पोरीला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा चूळ भरायला चुकून बावेचं पाणी तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं होतं. आठवडाभर आम्ही तिला हसत होतो. सगळ्यांनी बघितलं होतं ते. पण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. मला आठवलं. मी बोलताना मला तेच आठवत होतं.

हरेशने तिला मारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. तळवा झटकला आणि घरात गेला. बुटक्यावर ताडपत्री पडली, खाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. तसलं हेड कुठे मिळेना, आणि मन लावून शोधलंही नाही त्याने. पुन्हा मार्केटात दुसऱ्याचा टेम्पो. यायचा, जेवायचा, झोपायचा. रंजना समोर ताट ठेवायची, उचलायची. अंगणातलं हसणं थांबलं. मला हेच पाहिजे होतं ना? त्यांचं घर आमच्या घरासारखं झालं. मी बघत होते, आणि सांगू का, बराच काळ मला त्याचं समाधान होतं. पुढे बुटका भंगारवाल्याने तुकडे करून नेला. तेव्हा रंजना रडली, हरेश नाही.

पुढे चुली वेगळ्या झाल्या. गावात घरोघरी नळ आला. ती बाव बुजवून तिच्यावर कुणी गाळे बांधले. मी एकदाही तोंड उघडलं नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणणार नाही, वेळ भरपूर मिळाला. आणि रंजना मला अजूनही आवडत नाही. ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस आवडणं अवघड असतं, हे मला कुणी शिकवलं नाही.

माझ्या मुलीचा साखरपुडा झाला, त्या दिवसाचं सांगते आणि संपवते. पाहुण्यांना पाणी द्यायचं काम रंजनाकडे होतं. स्वयंपाकघरात ती पाण्याचे जग भरत होती, घरातल्याच नळाखाली. प्रत्येक जग भरला की तळव्यावर थोडं पाणी घ्यायची, जिभेला लावायची, मग जग बाहेर पाठवायची. मी तिच्या घरी फारशी जायचे नाही, म्हणून हे पहिल्यांदा बघितलं. व्याह्यांकडची एक बाई हसून म्हणाली, अगं, नळाचंच आहे ना, काय बघतेस? रंजनाची सून म्हणाली, आईंची सवयच आहे ती, घरी पण करतात, प्यायचा माठ भरतानासुद्धा.

रंजना लाजली. म्हणाली, "न्हाई ओ, माज्या हातनं मागं लई मोठं नुकसान झालंय. ह्यांचा टॅक्टर गेला माज्यापायी. मला तवा खारं-गोडं कळलं न्हाई."

आईशप्पत न्हाई, असं म्हणाली होती ती त्या दिवशी. आणि आता स्वतःच सांगत होती, हसत, परक्या बाईला, की ते तिनेच केलं. कधीतरी, आमच्या नजरा झेलता झेलता, तिला ते खरं वाटायला लागलं होतं. तिच्या जिभेवर तिचाच विश्वास उरला नव्हता.

मी दारात उभी होते. काही बोलायचं असतं तर ते तिथेच बोलता आलं असतं, दोन पावलांवर होती ती.

तिने मला बघितलं. एक ग्लास भरला, आधी तळव्यावर थेंब घेऊन चव बघितली आणि माझ्यापुढे धरला. "घ्या ताई," म्हणाली, "ग्वाड हाय."

मी प्यायले, आणि रिकामा ग्लास तिच्या हातात परत दिला.