बाळंतिणीच्या खोलीची ऊब

पोरगी ऐन थंडीत बाळंतपणाला वेल्ह्यातल्या घरी आली, तेव्हा मी बजावलं, बाजेखाली लाकडाचे निखारे ठेवायचे नाहीत. कापूरहोळच्या ढाब्यांना मी जळणासाठी दाबलेल्या भुशाच्या पेलेट विकतो. करंगळीएवढ्या कांड्या, धूर नावापुरता. त्या कांड्यांवर चालणारी शेगडी मी भाव करकरून, दुकानदाराला रडकुंडीला आणून घेतली आणि तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलं.

खरं कारण वेगळं होतं. लाकडासाठी मला थोरल्या भावाच्या दारात जायचं नव्हतं. बांधावरची बाभूळ वाटणीत माझी. मी धंद्यापायी कापूरहोळला असताना त्यांनी ती पाडली आणि फोडून आपल्या पडवीत रचली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. बाभूळ माझीच होती, हे मी आजही सांगतो.

बाळ आठवड्याचं झालं असेल. संध्याकाळी नवं पोतं फोडलं, तर आत कांड्यांचा नुसता ओला भुसा झालेला. पोती मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकवली होती, आणि ओल सगळ्यांत चढली. ढाबेवाल्यांनी असं केलं की मी त्यांची खरडपट्टी काढतो. दुसरं पोतं सकाळशिवाय येणार नव्हतं. बाळाचे पाय गार पडले होते. पोरगी ते पोटाशी धरून बसली होती.

मी फोनवर टेम्पोवाल्याला झापत होतो, तेवढ्यात त्याच भावाची बायको, माझी वहिनी, दारात आली. हातात निखाऱ्यांचं घमेलं. धूर तिनं अंगणातच जाऊ दिला होता.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय, भावजी? तुमचा आवाज वढ्यापातूर येतोय."

"लाकूड कुठलं?"

"बाभळीचं. आता हितं बी भाव करनार व्हय?"

पोरगी खुदकन हसली. मी दारातून बाजूला झालो.

वहिनीनं घमेलं बाजेखाली सरकवलं, ओवा टाकला, खिडकी जरा उघडी ठेवली. मग निखाऱ्यांवर तळहात शेकून ते बाळाच्या पावलांना लावत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "धरून बघा."

दोन्ही पावलं माझ्या एका मुठीत मावली. कोमट होती.

"एवढ्यानं रात न्हाई निघायची," ती म्हणाली. "माज्यानं आनखी न्हाई उचलायचं. चला."

गेलो. पडवीत भाऊ लाकडं निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. सुक्या फाट्यांचा भारा माझ्याकडे सरकवला.

"पाय गरम झालं का पोराचं?"

"व्हय. झालं."

एवढंच बोललो. मग भारा खांद्यावर घेतला आणि भराभर निघालो, खोली गार व्हायच्या आत.