आज सॅम्युएल प्लेट घेऊन मावशींच्या मागे धावला

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

आमच्या चर्चमध्ये सेवेला केनियाहून तीन तरुण मिशनरी आलेत. आठ महिने मी त्यांना मराठी शिकवतेय. गावात सगळे हसून बोलतात, पण सोबत कोणी बसत नाही, हे पोरांचं दुखणं. आज सुट्टी, म्हणून त्यांना कुरवंड्याच्या डोंगरावर सहलीला नेलं.

पुरी-भाजी वाढतोय, तेवढ्यात सरपणाची मोळी घेऊन एक मावशी आल्या. मी सवयीने म्हटलं, “या जेवायला!”

“व्हऊ द्या तुमचं,” म्हणत त्याही सवयीनेच पुढे निघाल्या.

हे नुसतं म्हणायचं असतं, हा रिवाज मी पोरांना शिकवलाच नव्हता. त्यांच्यातला सॅम्युएल प्लेट घेऊन मागे धावला. “मावशी, तुमच्यासाठी वाढलंय!”

मावशी थबकल्या. मोळी उतरवून खळखळून हसल्या. “आता न्हाई कसं म्हनू?”

त्या बसल्या. फडक्यातला भाकरी-ठेचा पोरांना वाढला. निघताना म्हणाल्या, “आता तुमी माज्या घरी यायचं. हितं खालीच हाय.”

तिघं गाणी म्हणत डोंगर उतरले!

मी जन्मभर ‘या जेवायला’ म्हणत आलेय. कोणी खरंच बसेल म्हणून एक भाकरी जास्त कधी घेतली नाही. तुम्ही घेता?