बाटलीजवळ बसलेले जावई

हे सांगू की नको असं मला दर वेळी वाटतं, पण चहाचा कप हातात आला की तोंड उघडतंच! तर ऐका माझ्या हुशारीची फजिती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नवाकोरा डॉक्टर. सानगडीचे सखारामकाका मोहाच्या झाडावरून पडले, कमरेला मार लागला अन् लघवी अडली. दोन महिने रबरी नळीवर होते. प्रश्न एकच, मूत्राशयाच्या नसा जिवंत आहेत की मेल्या? मेल्या असतील तर नळी जन्माची. अन् नळी घेऊन धानाच्या बांधीत, रोवणीच्या चिखलात माणूस उतरेल कसा?

ही तपासणी नागपूरला व्हायची. पण आम्ही काय कमी? सलाईनची बाटली, रबरी नळ्या, एक काचेची नळी, दाब मोजायला तिला बांधलेली शाळेतली फूटपट्टी. झालं यंत्र तयार! मूत्राशयात हळूहळू पाणी सोडायचं, लघवी लागली की रोग्याने सांगायचं, किती मिलिलिटर पाण्याला लागली ते आपण लिहायचं. खोटं कशाला बोलू, आजही त्या यंत्राचा मला अभिमान आहे.

बाटलीवरचे आकडे वाचायला कोणी तरी हवं होतं. काकांना घेऊन आलेले त्यांचे जावई शाळेत मास्तर होते. मीच म्हटलं, "या मास्तर, बसा बाटलीजवळ!"

बसले. हजेरी घ्यावी तसा खणखणीत आवाज. "शंभर! दोनशे!"

"काका, लागली का?"

"नाई."

"तीनशे! चारशे!"

"आता?"

"नाई, सायेब." काकांचं तोंड भिंतीकडे, कपाळावर घाम, पायाचे अंगठे वळलेले.

"पाचशे!" काकांनी नुसती नकाराची मान हलवली.

मी पाणी बंद केलं अन् रुबाबात लिहिलं, संवेदना शून्य, नसा निकामी, अंगठे आपोआप वळतात. त्या अंगठ्यांच्या शोधाखाली तर मी दोनदा रेघ ओढली! काकांना सांगितलं, नळी कायमची. बिचारे डोळे पुसत बसले.

आठवड्याने नागपूरचे मोठे सर आले. मी ऐटीत यंत्र मांडलं. सरांनी खोलीत एक नजर फिरवली अन् म्हणाले, "मास्तर, जरा चहा सांगून येता?"

मास्तर बाहेर गेले, पाणी सुरू झालं. दीडशेवर काका ओरडले, "लागली सायेब, लागली!"

मी उडालोच. "अहो, मग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"जवाईबापूसमोर? मले काई लाजशरम हाये का नाई?"

"अहो, नळी जन्माची लागत होती!"

"मंग काय करू? तुमीच त्यायले उशाशी बसवलं ना!"

सर हसून लोटपोट. "डॉक्टर, तुम्ही कुठले?"

"इथलाच, सर. सासुरवाडी मोहाडी."

"मग सासऱ्यांसमोर कधी म्हणता, लघवीला जाऊन येतो म्हणून?"

काकांची नळी निघाली, पावसाळ्यात ते रोवणीला उतरलेही. अन् मी? मोहाडीला गेलो की "जरा बांधीतलं धान पाहून येतो" म्हणून उठतो, आधीही उठायचो, आजही उठतो.

सासरे गावभर छाती फुगवून सांगतात, "आमच्या डाक्टर जवायाले शेतीचा भारी नाद! दिवसातून चारदा धान पायते. अन् चहा झाला का पाचव्यांदा!"