गुरुवारची रिकामी बाटली

आण्णा गेल्याचा फोन आला तो गुरुवारी. भोसरीत गुरुवारी यंत्रं बंद, सगळ्यांना सुट्टी. मरतानासुद्धा कुणाचा खाडा होऊ नये, एवढी काळजी घेणारा माणूस!

आण्णा जुन्या गावातले. शेत कारखान्यांखाली गेलं, उरला शेजारचा ओढा. आवाज असा, की हाक मारली तर चाकणला शिफ्ट सुटायची. धातूवर मुलामा चढवणाऱ्या आम्हा सहा प्लेटिंगवाल्यांना त्यांनी एकदा टपरीवर बसवलं. "भावांनो, तुमचं अ‍ॅसिडचं पानी माज्या वढ्यात येतंय. भांडून काय बी व्हनार न्हाई. मिळून टाकी बांधू, पानी साफ करू, मग सोडू." आम्ही खर्चासकट तयार. जागा तेवढी सरकारनं द्यायला हवी होती.

प्रदूषण मंडळाचे साहेब पाणी तपासायला यायचे, पण गुरुवारी. रस्ता मोकळा, गाडी लावायला जागा... आणि ओढा नितळ. अहवाल ठरलेला : पाणी स्वच्छ, टाकीची गरज नाही. आण्णांनी सात वारांच्या सात बाटल्या साहेबांच्या टेबलावर मांडल्या. बुधवारच्या बाटलीच्या नुसत्या वासानं टेबलाचा सनमायका उठला, मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेबांनी गुरुवारची उचलली. "ही बघा, किती छान!"

मग आण्णांनीच युक्ती काढली. एका गुरुवारी, वीज बंद म्हणून जनरेटरवर, आम्ही सहाही जणांनी आपापली शॉप चालवली. साहेबांनी हिरवागार ओढा पाहिला आणि आम्हा सहा जणांनाच बंदची नोटीस दिली. बाकीचे कारखाने सुट्टीवर, म्हणून सुटले. टाकीशिवाय शॉप उघडायचं नाही, जागेशिवाय टाकी नाही, आणि नोटीस असलेल्याला जागा नाही! शेवटी प्रत्येकानं 'पाणी साफ करूनच सोडू' असं वेगवेगळं हमीपत्र लिहून दिलं, शॉप उघडली. पाणी होतं तिथंच जातंय. सरकारनं एक कोपरा द्यायचा होता, आणि वार बदलून यायचं होतं. एवढंच.

त्यानंतरही दर गुरुवारी आण्णांचा मीटिंगचा फोन यायचा. मी बायकोला खुणावायचो, गावाला गेलोय म्हण. इतक्यांदा गावाला गेलो, की तिथं सरपंच व्हायला हरकत नव्हती. बाकीचे पाचही असेच गावाला.

दहाव्याला त्यांच्या घरी गेलो. खिडकीत सहा बाटल्या भरलेल्या, सातवी रिकामी.

"वहिनी, ही रिकामी कशी?"

"गुरवारची हाय ती. म्हनायचे, समदे गावास्नं परत आले की भरीन."

मी ती मागून आणली. आता माझ्या शॉपच्या खिडकीत आहे. आज बुधवार. खिडकीखालच्या पाइपातून हिरवं पाणी ओढ्याकडे चाललंय... उद्या सुट्टी.